एका रायटरवर लिहिलेली आरडब्ल्यू दुसऱ्यावर चालत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडच्या एका गावात माझं फोटो-व्हिडिओ आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचे मंडप लागतात, ते होळीपर्यंत. नाटक, दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य), मंडई (दिवाळीनंतरची जत्रा), शंकरपट, लग्न, सगळ्याचं शूटिंग व्हायचं आणि ते सीडी-डीव्हीडीवर गावोगाव फिरायचं. पेन ड्राइव्ह महाग होते त्या काळात बऱ्याच मंडळांनी आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क घेतल्या. एकच डिस्क वडशाच्या दुकानातून तालमीच्या घरी जायची, तिथून शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि फिरून परत दुकानात. प्रत्येक ठिकाणचा रायटर, म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, वेगळा.

आता त्या डिस्क पेट्यांमधून बाहेर निघतात. कोणी आजोबांचं काम असलेलं नाटक शोधत येतो, कोणी बहिणीचं लग्न. "भाऊ, हे सीडी चालून नाही राह्यली जी. शाळेत तर चालत होती." डिस्क हातात घेऊन पाहिलं तर तिच्यावर एक ओरखडा नसतो. माझ्या अनुभवात अशा डिस्कपैकी बऱ्याच चांगल्याच असतात. बिघाड डिस्क आणि ड्राइव्ह यांच्या जोडीत असतो, किंवा ती ज्या पद्धतीने लिहिली त्या पद्धतीत असतो. पण लोक "खराब झाली" म्हणून टाकून देतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुसून टाकतात. ते थांबावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. याच क्रमाने जा, कारण पुढच्या काही पायऱ्यांनंतर मागे येता येत नाही.

हात लावण्याआधी एक गोष्ट

डिस्क घातल्यावर कॉम्प्युटरने "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असं विचारलं तर "नाही" म्हणा आणि डिस्क बाहेर काढा. या प्रश्नाचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नाही. या कॉम्प्युटरला ती वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मी याच प्रश्नाला "हो" म्हणालो होतो आणि एका मंडळाची दंडार त्यात गेली. त्यातले दोन कलावंत आज नाहीत. हे वाक्य वाचून एकाने जरी हात आवरला तरी मला पुष्कळ आहे.

काय काय जवळ हवं

– ज्याच्याबद्दल खात्री आहे असा दुसरा एक रायटर. डेस्कटॉपमधला असेल तर उत्तम, यूएसबीचा चालेल.
– छापील सीडी एक. गाण्यांची विकत घेतलेली जुनी सीडी पुरते. ड्राइव्ह तपासायला ती लागते.
– धुतलेलं मऊ सुती कापड. जुन्या धोतराचा तुकडा मला सगळ्यात चांगला वाटतो. टेरिकॉट नको.
– आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं, तो त्याला आयपीए म्हणतो. सोबत कानात घालायच्या कापसाच्या काड्या.
– सीडीवर लिहायचा मार्कर. बॉलपेन नको, त्याचं टोक वरच्या थरात उतरतं.
– डिस्क वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर. विंडोज असेल तर इमगबर्न (फुकट आहे, २०१३ ची २.५.८ आवृत्ती अजून नीट चालते). लिनक्स असेल तर केथ्रीबी आणि डीडीरेस्क्यू.
– वही. कोणत्या डिस्कला कोणत्या ड्राइव्हवर काय झालं हे लिहून ठेवलं नाही तर चौथ्या डिस्कला सगळा गोंधळ होतो.

१. डिस्कवर काय छापलंय ते वाचा

गावात सगळ्यालाच "सीडी" म्हणतात, पण हातात येणाऱ्या वस्तू चार प्रकारच्या असतात: सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी वजा आरडब्ल्यू, डीव्हीडी अधिक आरडब्ल्यू आणि क्वचित डीव्हीडी-रॅम. वजा आणि अधिक ही नुसती कंपनीची नावं नाहीत. वजावाली पायोनिअरने १९९९ मध्ये आणली. अधिकवाली फिलिप्स, सोनी आणि त्यांच्या साथीदारांची, ती २००१ मध्ये बाजारात आली. दोन्हींवरच्या खुणा, पत्ता ओळखायची रीत, लिहायची रीत वेगळी आहे. २००४-०५ नंतरचे बहुतेक रायटर दोन्ही लिहितात, पण त्याआधीचा एखादा रायटर फक्त एकच जात ओळखतो. डीव्हीडी-रॅम तर अनेक ड्राइव्हना आणि घरातल्या प्लेअरना दिसतच नाही. तेव्हा ड्राइव्हच्या तोंडावरची चिन्हं बघा आणि डिस्कवरच्या चिन्हाशी जुळवा. सीडीचा ड्राइव्ह डीव्हीडी वाचणार नाही, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण दर महिन्याला अशी एक तरी डिस्क माझ्याकडे येते.

मग डिस्क उन्हाकडे तिरपी धरा आणि खालची बाजू पाहा. लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात बारीक फरक दिसतो. मधल्या भोकापासून बाहेरच्या बाजूला एक कडं असतं आणि मग रंग बदलतो. ते कडं अर्ध्या डिस्कपर्यंत आलेलं असेल आणि कॉम्प्युटर "रिकामी" म्हणत असेल, तर माल बहुतेक आत आहे. हे आधी पाहून वहीत लिहा.

२. जिथे लिहिली तिथे परत न्या

ही पायरी लोक टाळतात, कारण त्यासाठी गाडी काढून तालुक्याला जावं लागतं. पण अर्धे प्रश्न इथेच सुटतात. ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याला स्वतःचं लिहिलेलं वाचणं सगळ्यात सोपं जातं.

त्याचं कारण थोडं समजून घ्या, पुढच्या सगळ्या पायऱ्यांना ते लागतं. आरडब्ल्यूच्या आत चांदी, इंडियम, अँटिमनी, टेल्युरियम अशा धातूंच्या मिश्रणाचा पातळ थर असतो. लेसरने तो ५०० ते ७०० अंशांपर्यंत तापवून झटकन थंड केला की त्या जागी डाग पडतो. सुमारे २०० अंशांवर थोडा वेळ ठेवला की डाग पुसला जातो. म्हणजे लिहायला वेगळी ताकद लागते, पुसायला वेगळी आणि वाचायला त्याहून कमी. प्रत्येक ड्राइव्हची ही ताकद थोडी वेगळी असते, आणि जुन्या ड्राइव्हचा लेसर मंदावलेला असतो. त्यात भर म्हणजे छापील सीडीवरून लेसरचा ७० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो, तर सीडी-आरडब्ल्यूवरून १५ ते २५ टक्केच येतो. मंद डाग आणि कमी प्रकाश एकत्र आले की ज्याची नजर तेज तोच ड्राइव्ह वाचतो.

म्हणून मूळ ड्राइव्ह मिळत असेल तर तिथेच डिस्क उघडा आणि सगळ्या फाइल हार्ड डिस्कवर काढून घ्या. मिळत नसेल तर पुढे चला.

३. धूळ, ऊन आणि वीज

माझ्या दुकानाला लागून राईस मिल आहे. धानाचा हंगाम सुरू झाला की कोंड्याची पिवळट बारीक धूळ कुठेही बसते. एकदा मी रायटरचा ट्रे काढून आतल्या लेन्सवर टॉर्च मारली. मुगाच्या दाण्याएवढी ती लेन्स निळसर चमकायला हवी, पण तिच्यावर पापुद्रा होता. त्या दिवशी सकाळपासून छापील सीडी चालत होत्या आणि आरडब्ल्यू एकही चालत नव्हती. कारण वर सांगितलंच आहे: जिथे ७० टक्के प्रकाश येतो तिथे थोडी धूळ खपते, जिथे २० टक्केच येतो तिथे खपत नाही. ड्राइव्ह "छापील चालते, साधी आर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) चालते, पण आरडब्ल्यू चालत नाही" असं वागत असेल तर पहिला संशय लेन्सवर घ्या.

लॅपटॉपच्या आणि यूएसबीच्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेसोबतच बाहेर येते, तिथे सोपं आहे. काडीच्या टोकाला अल्कोहोलचा एक थेंब घ्या, हलक्या हाताने एकदा फिरवा, वाळू द्या. दाबू नका, लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. डेस्कटॉपचा ड्राइव्ह मात्र उघडावा लागतो. हात बसलेला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

डिस्क पुसताना मधून काठाकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा लिहिलेल्या रेषेच्या दिशेने जातो, आणि सलग बरीच माहिती तुटते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क वाकते. काचेवर सपाट ठेवून कड उचलली गेलीय का ते पाहा. वाकलेली डिस्क आतल्या बाजूला वाचली जाते आणि बाहेर गेली की अडकते. तिच्यावर वजन ठेवून सरळ करायचा प्रयत्न करू नका. कमी वेगात जेवढं निघेल तेवढं काढून घ्या. कागदी गोल स्टिकर चिकटवलेली डिस्कही फिरताना हेलकावते. पण स्टिकर ओढून काढू नका. सीडीत लिहिलेला थर वरच्याच बाजूला असतो आणि तो स्टिकरसोबत निघून येतो.

यूएसबीच्या रायटरबद्दल. हल्ली लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, म्हणून सगळे हेच घेतात. यूएसबी २ च्या भोकातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३ च्या भोकातून ९००. लेसर पूर्ण ताकदीने पेटतो तेव्हा काही रायटरला त्याहून जास्त लागतं. मग वाचणं ठीक चालतं आणि लिहायला सुरुवात केली की ड्राइव्ह खटकन बंद होऊन परत सुरू होतो. दोन तोंडांची वायर मिळते, तिची दोन्ही तोंडं लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या भोकात लावा, समोरच्या नको. लांब वायर जोडू नका.

आणि भारनियमन. लिहिता-पुसताना वीज गेली की डिस्क अर्धवट राहते आणि मग ती कुठेच उघडत नाही. अशी डिस्क बहुतेक वेळा मेलेली नसते. आत जपण्यासारखं काही नसेल तर पायरी ८ प्रमाणे पूर्ण पुसली की परत उभी राहते. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपवरच लिहा.

४. ड्राइव्हला काय दिसतंय ते त्यालाच विचारा

इमगबर्न उघडा, वाचायचा पर्याय निवडा, डिस्क घाला. उजवीकडे माहितीची मोठी यादी येते. त्यातल्या चारच ओळी वहीत उतरवा: डिस्कचा प्रकार, डिस्कचा ओळख क्रमांक, कोणत्या वेगाने लिहिता येईल आणि डिस्क बंद आहे की उघडी (म्हणजे पुढे आणखी लिहिता येईल अशी). हेच दुसऱ्या ड्राइव्हवर करा आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवा.

दोन्ही ड्राइव्हना डिस्कचा प्रकार तरी ओळखता आला, म्हणजे लेसर आणि डिस्क यांची गाठ पडते आहे. अडचण लिहिण्याच्या पद्धतीत आहे, पायरी ६ कडे जा. एकाला प्रकार दिसतो आणि दुसऱ्याला "डिस्कच नाही" असं दिसतं, तर दुसऱ्या ड्राइव्हची लेन्स, वय किंवा जात यातलं काहीतरी आडवं येतंय. तिथे वेळ घालवू नका, तिसरा ड्राइव्ह शोधा.

ओळख क्रमांक का हवा, तर ड्राइव्हच्या आत एक तक्ता असतो: या क्रमांकाची डिस्क आली तर लेसर एवढ्या ताकदीने, या लयीत चालवायचा. तो तक्ता ड्राइव्ह बनला त्या दिवशीचा असतो. नंतर बाजारात आलेली डिस्क त्यात नसते, मग ड्राइव्ह अंदाजाने लिहितो किंवा लिहायला नकार देतो. ड्राइव्हची फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलली तर तक्ता नवा होतो. पण जुन्या ड्राइव्हसाठी फर्मवेअर मिळवताना मॉडेल अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, चुकीची टाकली की ड्राइव्ह कायमचा जातो. आपल्यासाठी सोपा उपाय असा की ड्राइव्हच्या काळातली डिस्क वापरा.

५. वाचते पण लिहित नाही: वेगाची भानगड

हा सापळा सीडी-आरडब्ल्यूत सगळ्यात जास्त फसवतो. या डिस्क वेगानुसार वेगवेगळ्या घडणीच्या असतात. पहिल्या, साध्या डिस्क सीडीच्या मूळ वेगाच्या ४ पटीपर्यंत चालतात. "हाय स्पीड" छापलेल्या ४ ते १२ पटीपर्यंत. "अल्ट्रा स्पीड" त्याच्या वर, २४ पटीपर्यंत. चौपट लिहिणारा जुना रायटर हाय स्पीड डिस्क लिहू शकत नाही, वेग कमी करूनही नाही. हाय स्पीडचा रायटर अल्ट्रा स्पीड लिहू शकत नाही. उलट दिशेने मात्र चालतं, नवा रायटर जुनी डिस्क बहुतेक वेळा लिहितो.

वाचायला ही अडचण नसते, आणि इथेच लोक गोंधळतात. "फाइल तर दिसून राह्यल्या, मग लिहून काहून नाही राह्यला?" म्हणून डिस्क बदलून आणतात आणि दुकानदार परत तीच अल्ट्रा स्पीड देतो. जुना रायटर असेल तर नुसती "रिकामी आरडब्ल्यू" मागू नका, वेग वाचून घ्या. डीव्हीडीतही असंच आहे: ८ पट अधिकवाली आणि ६ पट वजावाली जुन्या रायटरला झेपत नाही.

६. लिहिण्याची पद्धत: इथे थांबा, सगळ्यात जास्त गुंता इथेच आहे

विंडोज ७ किंवा १० मध्ये कोरी डिस्क घातली की एक चौकट येते आणि दोन पर्याय विचारते. एक, डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची. दोन, सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी वापरायची. घाईत लोक पहिला निवडतात, कारण तो आधीच निवडलेला असतो. त्या एका क्लिकने पुढची सगळी कटकट ठरते.

पहिल्या पद्धतीत डिस्कवर यूडीएफ नावाची मांडणी होते, फाइल ओढून टाकता येतात, खोडता येतात. सोय मोठी आहे. पण यूडीएफच्याही आवृत्त्या आहेत. विंडोज ९८ ला १.०२ पर्यंतच समजतं, २००० ला १.५०, एक्सपीला २.०१. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरचे २.५० वाचतात. कोणी फॉरमॅट करताना पर्याय उघडून २.५० निवडलं असेल, तर एक्सपीच्या कॉम्प्युटरवर ती डिस्क रिकामी दिसते किंवा तोच "फॉरमॅट करू का" हा प्रश्न येतो. माझ्या हातून दंडार गेली ती अशीच. डिस्क धडधाकट होती, कॉम्प्युटर जुना होता.

त्याही आधी, विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात, काही सॉफ्टवेअर डिस्कला असंच पेन ड्राइव्हसारखं बनवायचे. त्या डिस्क ओळखायची खूण म्हणजे ७०० एमबीच्या सीडीवर साधारण ५७० एमबीच जागा दिसते. बाकीची जागा त्या मांडणीतच गेलेली असते. अशी डिस्क विंडोज १० वर बहुतेक वेळा उघडते. नाही उघडली तर लिनक्सवर लावून पाहा.

दुसऱ्या पद्धतीत सगळ्या फाइल आधी गोळा करायच्या आणि एकदम लिहायच्या. ही डिस्क जवळपास सगळीकडे चालते. एका रायटरवरून दुसरीकडे फिरवायची असेल तर हीच पद्धत घ्या. दर वेळी पूर्ण पुसून नव्याने लिहावं लागतं, पण निस्तरत बसावं लागत नाही.

यात एक उपसापळा आहे, सेशनचा. डिस्क बंद न करता आज दोन गाणी लिहिली, आठ दिवसांनी आणखी चार लिहिली, तर दोन वेगळे सेशन होतात. कॉम्प्युटर सहसा शेवटचा सेशन दाखवतो, घरातला जुना प्लेअर पहिलाच. दुसरा सेशन लिहिताना पहिल्याची यादी सोबत घेतली नसेल तर पहिली दोन गाणी गायब झाल्यासारखी वाटतात. ती तिथेच असतात. आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे सगळे सेशन ओळीने दिसतात. एका भजनी मंडळाची खंजेरीची दहा भजनं मला अशीच पहिल्या सेशनमध्ये सापडली. मंडळाला वाटत होतं की तीच डिस्क पुसून त्यावर वाढदिवस लिहिला गेला.

डीव्हीडी वजा आरडब्ल्यू असेल तर शेवटी ती फायनलाइज, म्हणजे बंद, केली आहे ना ते पाहा. टीव्हीला जोडलेल्या रेकॉर्डरवर लिहिलेली डिस्क त्याच रेकॉर्डरवर फायनलाइज करावी लागते. अधिकवालीला फायनलाइजची गरज पडत नाही.

७. कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीखालच्या प्लेअरवर नाही

आधी पाहा की आत काय आहे. मोबाइलची एमपी४ फाइल तशीच डीव्हीडीवर टाकली तर जुना प्लेअर ती वाजवत नाही. त्याला डीव्हीडी व्हिडिओच्या साच्यातला, एमपेग-२ मधला व्हिडिओ लागतो. याचं खापर डिस्कवर फोडू नका. उलट बाजूनेही हेच होतं: विंडोज १० वर डीव्हीडी व्हिडिओ नुसत्या डबल क्लिकने चालत नाही, व्हीएलसी टाका.

साचा बरोबर असूनही चालत नसेल, तर कमी परतणारा प्रकाश हेच कारण धरा. जुने व्हीसीडी प्लेअर तर सीडी-आरडब्ल्यू वाचायला बनवलेलेच नव्हते. डीव्हीडी प्लेअरची आणखी एक चूक होते. दोन थरांच्या छापील डीव्हीडीवरूनही कमीच प्रकाश येतो, म्हणून तो आरडब्ल्यूला दोन थरांची समजतो आणि शोधत बसतो. अधिकवाल्या डिस्कवर काही रायटर "मी छापील डीव्हीडी आहे" अशी ओळख लिहू शकतात. इमगबर्नमध्ये ही ओळख, म्हणजे बुक टाइप, बदलायचा पर्याय आहे, आपला रायटर देत असेल तर वापरा. नाहीतर घरच्या प्लेअरसाठी सरळ साधी आर डिस्क लिहा. कचेरीत किंवा कोर्टात द्यायची डिस्कही आरच असू द्या. पुसून बदलता येणाऱ्या डिस्कवर समोरचा शंका घेतोच.

८. अडकलेलं बाहेर काढणं आणि मगच पुसणं

डिस्क ओळखली जाते, फाइल दिसतात, पण कॉपी करताना मध्येच अडकते. तेव्हा फाइल ओढत बसू नका. पूर्ण डिस्कची एक इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत, करा. लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूमध्ये यासाठी एक फार मोलाची सोय आहे. तो वाचलेल्या आणि न वाचलेल्या जागांचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, तीच इमेज आणि तोच नकाशा देऊन परत चालवलं की तो फक्त राहिलेल्या जागा वाचायला जातो.

२००९ सालच्या एका नाटकाची डीव्हीडी आमच्याकडे आली होती. माझ्या रायटरने दुसऱ्या अंकापर्यंत वाचलं आणि पुढे घरघर करत राहिला. एका मित्राच्या जुन्या लॅपटॉपने सुरुवातीचा भाग वाचलाच नाही, पण शेवटचा वाचला. नकाशा पुढे न्यायचा, ड्राइव्ह बदलायचा, परत चालवायचं, असं तीन ड्राइव्हवर दोन रात्री केलं. शेवटी न वाचलेल्या मोजक्या जागा उरल्या. पाहताना एका गाण्यात चित्र क्षणभर चौकोनी फुटतं, बाकी पूर्ण नाटक आहे. एकट्या कोणत्याही ड्राइव्हवर ती डिस्क "खराब" होती.

इमेज हार्ड डिस्कवर आली, उघडून पाहिली, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, की मगच डिस्क पुसायचा विचार करा.

पुसताना "क्विक" नको, "फुल" निवडा. क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते, जुने डाग तसेच राहतात. डिस्क वेगळ्या रायटरवर लिहिलेली असेल तर नव्या रायटरचा लेसर त्या जुन्या डागांवरून लिहितो आणि खालचं नीट पुसलं जात नाही. अशी डिस्क लिहिताना "यशस्वी" म्हणते आणि दुसरीकडे वाचताना अडखळते. म्हणून नियम असा ठेवा: रायटर बदलला की पूर्ण पुसणं. वेळ लागतो. ७०० एमबीच्या सीडीला ४ पटीने २० मिनिटं, डीव्हीडीला २ पटीने अर्धा तास. तेवढ्यात चहा होतो.

लिहिताना वेग सगळ्यात वरचा घेऊ नका आणि सगळ्यात खालचाही नको. डिस्कवर छापलेल्या वेगाच्या मधला घ्या. "व्हेरिफाय" (लिहिलेलं परत वाचून तपासणं) ची खूण करून ठेवा, आणि लिहून झाल्यावर डिस्क ज्या ड्राइव्हवर चालवायची आहे तिथे एकदा लावून मगच द्या.

सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी आरडब्ल्यू साधारण १००० वेळा लिहिता येतात असं सांगितलं जातं. आपल्या धुळीत आणि हाताळणीत त्याच्या कितीतरी आधी ओरखडेच तिला संपवतात. म्हणून मी हल्ली प्रत्येक आरडब्ल्यूवर मधल्या पारदर्शक गोलाजवळ मार्करने चार गोष्टी लिहितो: कोणत्या रायटरवर लिहिली, कोणत्या पद्धतीने, किती वेगाने आणि कोणत्या तारखेला. पुढच्या हंगामात ती डिस्क कोणी परत घेऊन आला की दुसरी पायरी तिथल्या तिथे सुरू करता येते.